परिचारिकांचा उद्वेग

अमेरिकेत परवान्यावाचून राहणाऱ्या परदेशीयांवर सरकारी खर्चाने उपचार होतात, अशी तेथील कित्येक परिचारिकांची तक्रार असते. स्वतःच्या विम्याचे हप्ते पगारातून भरणारीला ते बोचणारच! परंतु १९८६ च्या कायद्याने तातडीच्या रुग्णास, त्याचा पैसा वा नागरिकत्व न पाहता, सावरणे बहुतेक रुग्णालयांना भाग आहे. आणि ‘मेडिकेड’ ही सरकारी योजना अशांच्या बाबतीत बहुधा तेवढ्याच उपचारांचे व बाळंतपणाचे पैसे देते. मूत्रपिंडे निकामी झालेल्यास आठवड्यातून साधारण तीनदा रक्तशुद्धी लागते. कित्येक राज्यांत ती प्राण कंठाशी आल्यावरच मिळत आली आहे. मग तोच रुग्ण आठवड्याने पुन्हा दारात! परिचारिकेचा खरा उद्वेग येथला आहे, असे मला वाटते. कोलोराडो राज्याने २०१९ मध्ये अशांना नियमित रक्तशुद्धी देऊ केली.