नव्या कोचच्या बॅगेत काय?

ऑफिसात नवा बॉस येणार अशी कुणकुण लागली की दोन दिवस कुणाचंच कामात लक्ष नसतं. कोण आहे, कुठून येतोय, आणि मुख्य म्हणजे येताना स्वतःची माणसं आणणार का? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये हीच चर्चा दर ऑगस्टला राज्यभर रंगते. तिला म्हणतात ‘सीझन आउटलुक’. म्हणजे पहिला सामना व्हायच्या आधीच टीमची कुंडली मांडून मोकळं व्हायचं!

आधी एक खुलासा. हा फुटबॉल मेस्सीचा नव्हे. हा हेल्मेटवाला, खांद्यावर पॅड्स चढवून, लांबुळका चेंडू हातात धरून पळायचा खेळ. प्रत्येक टीमला नियमित हंगामात साधारण बारा मॅचेस, त्याही बहुतेक शनिवारी. आमच्या मावसभावाने इंडियाना युनिव्हर्सिटीत एमएसला अ‍ॅडमिशन घेतली आणि हे खूळ आमच्या घरात शिरलं. ब्लूमिंग्टनला भर दुपारी बाराला सुरू होणारी मॅच ऑक्टोबरपर्यंत आपल्याकडे रात्री साडेनऊला लागते. जेवण आटोपून बसायला एकदम फिट!

तर ही इंडियानाची टीम म्हणजे वर्गातला कायमचा ‘ढ’. शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात एका हंगामात दहा मॅचेस कधी जिंकल्या नव्हत्या. गावाचं प्रेम बास्केटबॉलवर. २०२३ मध्ये १२ पैकी ९ मॅचेस हरल्यावर कोच बदलला आणि आले कर्ट सिग्नेटी. वय ६२. टीमसाठी खेळाडू कसे पटवणार, असं विचारल्यावर साहेबांचं उत्तर काय? मी जिंकतो, मला गूगल करा! २०२४ चा आउटलुक मांडणाऱ्या पत्रकारांनी मात्र हा अ‍ॅटिट्यूड फारसा मनावर घेतला नाही. बिग टेन या त्यांच्या लीगमधल्या १८ टीम्सपैकी इंडियानाला त्यांनी १७ वा नंबर दिला.

गूगल केलं असतं तर?

तर कळलं असतं की हा माणूस अलाबामात निक सेबन या दिग्गज कोचचा असिस्टंट होता, आणि २००९ च्या हंगामात ती टीम नॅशनल चॅम्पियन झाली होती. तिथली मोठी नोकरी सोडून, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, कमी पगारात तो पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजचा हेड कोच झाला. तिथून एलॉन, मग जेम्स मॅडिसन. या शेवटच्या ठिकाणी पाच वर्षांत ५२ विजय आणि फक्त ९ पराभव!

ब्लूमिंग्टनला येताना सिग्नेटींनी आपले जुने साथीदार आणले. आक्रमण सांभाळणारे माइक शॅनहन, बचाव सांभाळणारे ब्रायंट हेन्स, आणि जेम्स मॅडिसनचे तब्बल तेरा खेळाडू. २०२१ पासून कॉलेज बदललं तरी एक वर्ष बाहेर बसायची सक्ती उरलेली नाही, त्यामुळे हे जमलं. साहेबांना काय हवंय, त्यांचा सराव कसा असतो, हे या पोरांना आधीच पाठ होतं. २०२४ ची टीम सलग दहा मॅचेस जिंकली. हंगाम संपला तेव्हा हिशोब होता ११ विजय, २ पराभव. आणि हरवणारे कोण? ओहायो स्टेट आणि नोत्र दाम, म्हणजे त्या हंगामात फायनल खेळलेल्या दोन टीम्स.

नुसत्या नावाचा फंडा

पण बॅग भरून आणली की झालं, असंही नाही बरं का. २०२३ च्या हंगामासाठी कोलोरॅडोला डिऑन सँडर्स आले. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी आधीच्या खेळाडूंना सरळ दुसरं कॉलेज बघायला सांगितलं आणि जवळजवळ अख्खी टीम बदलली. पहिल्या तीन मॅचेस जिंकून देशभर हवा केली आणि शेवटी ४ विजय, ८ पराभव! २०२५ च्या हंगामासाठी नॉर्थ कॅरोलिनात बिल बेलिचिक आले. हेड कोच म्हणून सहा सुपर बोल नावावर असलेला माणूस. ढीगभर नवे चेहरे आणले, पहिल्याच मॅचला १४-४८ असा मार खाल्ला आणि तेही ४-८ वर थांबले. इतकी माणसं, पण बहुतेकांनी एकमेकांसोबत कधी काम केलेलं नाही. आपल्यापैकी ज्यांनी कंपन्यांची मर्जरं पाहिलीयत त्यांना यात नवल वाटणार नाही.

आणि जुन्यांचं काय?

मला सगळ्यात जास्त टोचतो तो हा प्रश्न. नव्या कोचच्या आउटलुकमध्ये येणाऱ्यांचे फोटो असतात, जाणाऱ्यांची फक्त संख्या. वीस-एकवीस वर्षांची पोरं. ज्याने कॉलेजात आणलं तोच निघून गेला, आणि नव्याला आपलं नावही धड माहीत नाही.

म्हणून मला ओमार कूपर ज्युनियर आवडतो. इंडियानापोलिसचा हा मुलगा २०२२ मध्ये जुन्या कोचच्या काळात आला. ३-९ चं वर्ष सोसलं, साहेब बदलले, तेरा पाहुणे आले, तरी तो टिकला. सिग्नेटींनीही जो कामाचा आहे त्याला ठेवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पेन स्टेटच्या मैदानावर शेवटच्या मिनिटात, इंडियाना मागे असताना, मैदानाच्या अगदी कडेला हवेत झेपावून त्याने चेंडू पकडला, पायाचा अंगठा कसाबसा आत टेकवला आणि मॅच २७-२४ अशी खिशात! त्या हंगामात टीम सोळाच्या सोळा मॅचेस जिंकली आणि १९ जानेवारी २०२६ ला मायामीला २७-२१ हरवून नॅशनल चॅम्पियन झाली. १७ वा नंबर मिळालेली हीच ती टीम, दीड वर्षानंतरची.

तेव्हा पुढच्या ऑगस्टला कुठल्याही टीमचा आउटलुक हातात पडला, तर कोचचं नाव आणि गेल्या वर्षीचे पराभव क्षणभर बाजूला ठेवा. दोनच गोष्टी बघा. त्याने सोबत आणलेल्यांपैकी किती जण आधी त्याच्याच हाताखाली जिंकलेत? आणि जुन्यांपैकी कोणाकोणाला त्याने थांबवून घेतलंय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पेपरात मिळतं. दुसऱ्यासाठी मात्र मॅच बघावी लागते.