मावशींचा अंगठा आणि परभणीची भेंडी

आमच्या बचत गटाची बैठक महिन्याच्या पहिल्या शनिवारी, माझ्याच ओसरीवर होते. हिशेबाची वही माझ्याकडे. नावापुढे सही करायची आणि शंभर रुपये ठेवायचे, एवढंच काम. त्या शनिवारी गटातल्या सगळ्यात थोरल्या मावशींनी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. "ताई, आज अंगठाच घ्या," म्हणाल्या. साक्षरता वर्गात मीच त्यांना सही शिकवलेली, त्याचा मला कोण अभिमान! त्यामुळे जरा रागानंच म्हटलं, "का हो मावशी, एवढ्यात सही विसरलात?" त्यांनी काही न बोलता हात पुढे केला. बोटांची पेरं सुजलेली, कातडीवर बारीक लाल पुरळ, अंगठ्याच्या नखाशी चीर. शाईच्या पॅडवर टेकवायलाही तो अंगठा कामाचा नव्हता.

"भेंडी चालू हाय नव्हं," मावशी म्हणाल्या. "लई खाजतंय बघा. रातीला झोप न्हाई."

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला हे माहीतच नव्हतं. वीस वर्षं भेंडी चिरते आहे. धुऊन, पुसून, कोरडी करून. तार सुटू नये म्हणून काय काय युक्त्या! पण ती झाडावरून तोडताना तिची बारीक लव बोटांत रुतते, पानांनी मनगटं खरचटतात आणि सुरू झालेली भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. एक दिवस चुकला की भेंडी जून होते, बाजारात कुणी विचारत नाही. म्हणजे हाताला बरं व्हायला मिळतो एकच दिवस. बाकीच्या बायकांना विचारलं तर सगळ्याच हात दाखवू लागल्या. बैठक राहिली बाजूला.

आम्ही सेलूचे. परभणी आम्हाला रेल्वेनं तासाभरावर. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. १८ मे १९७२ ला ते सुरू झालं, आणि त्याच साली मराठवाड्यावर तो भयंकर दुष्काळ आला. सासूबाई अजून सुकडीच्या आणि लाल मिलोच्या गोष्टी सांगतात. २०१३ पासून विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं नाव आहे. आमच्या घरात मात्र विद्यापीठ म्हणजे पुरुषांचा प्रांत. दरवर्षी १८ मेला तिथं खरिपाचा शेतकरी मेळावा भरतो, त्या दिवशी हे पहाटेच निघतात, बियाण्याच्या रांगेत उभे राहतात आणि संध्याकाळी सोयाबीनची नाहीतर तुरीची पिशवी घेऊन येतात. सोबत कृषी दैनंदिनी. ती टीव्हीवर पडून राहते. मी बी. ए. झालेली, मराठी घेऊन. त्या पिशवीशी माझा संबंध फक्त ती घरात कुठं ठेवायची एवढाच.

पण मावशींचा हात पाहिल्यावर मला काही स्वस्थ बसवेना. २०२३ च्या पावसाळ्यात गटातल्या आम्ही सात जणी परभणीला जाऊन आलो. डबे बांधून, सकाळच्या गाडीनं. मावशी नको नको म्हणत होत्या, कारण एका दिवसाची मजुरी बुडणार. शेवटी गटातूनच त्यांची हजेरी द्यायची ठरली. (यावरून दोघींनी तोंड वाकडं केलं, तेही सांगून टाकते.)

विद्यापीठाचा परिसर एवढा मोठा की चालून पाय दुखले. काळीभोर रानं, त्यात छोटे छोटे तुकडे, प्रत्येकाला पाटी. भाजीपाल्याच्या तुकड्यात एक विद्यार्थिनी भेटली. एम. एस्सी. करणारी, बावीस-तेवीस वर्षांची, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. भेंडीच्या झाडापाशी वाकून ती काहीतरी फारच नाजूक काम करत होती. उद्या उमलणारी कळी ती हेरायची, नखानं पाकळ्यांवर चीर द्यायची, आतला पिवळा दांडा पुंकेसरांसकट खरवडून काढायची आणि कळीवर कागदी पिशवी चढवायची. उद्या सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग आणून या कळीला लावायचे. भेंडीचं फूल नर-मादी दोन्ही असतं, त्यामुळे आधी त्यातला नर काढावा लागतो, नाहीतर ते आपलं आपणच फळतं.

मावशी म्हणाल्या, "हे तर क्रॉसिंग! जालन्याकडं आमच्या बहिणीची पोरगी हेच करते रोजानं."

ती मुलगी हसली. म्हणाली, "माझी आईपण तेच करते मावशी. बियाण्याच्या प्लॉटवर. मी तिच्याकडूनच शिकले. इथं आल्यावर सगळ्यांत आधी मलाच जमलं."

मी दोघींकडे बघत राहिले. तेच नख, तीच कळी. आई करते ती मजुरी, मुलगी करते ते संशोधन. आईच्या हातची कळी मोजली जाते ती दिवसाची हजेरी भरायला. मुलीची प्रत्येक कळी वहीत लिहिली जाते, तारखेनिशी. मुलीला हे जाणवतं का, विचारावंसं वाटलं. धीर झाला नाही.

तिनंच मग आम्हाला परभणी क्रांतीची गोष्ट सांगितली. पूर्वी पुसा सावनी नावाची दिल्लीची भेंडी सगळीकडे होती. मग तिच्यावर हळद्या येऊ लागला. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, पुढं सगळं पान पिवळं, फळंसुद्धा पिवळट आणि वाकडी. पांढरी माशी हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. फवारून माशी मरेल, पण झाडात एकदा शिरलेला रोग जात नाही. तेव्हा इथल्याच डॉ. एन. डी. जांभळे आणि डॉ. वाय. एस. नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका रानटी बहिणीशी केला. त्या रानभेंडीला हळद्या होत नव्हता, मात्र खाण्याच्या कामाची ती नव्हे. शिवाय दोन वेगळ्या जातींचं लग्न, त्यामुळे पहिल्या पिढीत धड बीच धरेना. मग ती संतती पुन्हा पुसा सावनीशी जुळवायची, आलेल्या झाडांतली चांगली निवडायची, पुन्हा पेरायची. असं पिढ्यान्‌पिढ्या. सून माहेरचा एक गुण घेऊन यावी आणि बाकी सगळं सासरचं उचलावं, तसं. १९८६ मध्ये परदेशातल्या हॉर्टसायन्स या नियतकालिकात तिची माहिती छापून आली आणि आपल्या जिल्ह्याचं नाव लावून ही भेंडी देशभर गेली. नेरकर सर पुढं राहुरीच्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

या गोष्टीत शेवट गोड नाही, हेही तिनं सांगितलं, आणि ते मला आवडलं. पुढं परभणी क्रांतीवरही हळद्या दिसू लागला. विषाणू बदलतो, माशी बदलते. म्हणून ही मुलगी आजही कळ्यांवर पिशव्या चढवते आहे. एकदा वाण काढलं, संपलं, असं या कामात नसतंच. आपल्या स्वयंपाकासारखंच की! सकाळी केला तरी रात्री आहेच.

तिथून आम्ही गृहविज्ञान महाविद्यालयात गेलो. आता त्याला सामुदायिक विज्ञान म्हणतात. मी आपली समजत होते, तिथं मुलींना शिवण आणि जॅम-जेली शिकवत असतील. तिथल्या एका मॅडमनी मावशींना खुर्ची दिली आणि विचारायला सुरुवात केली. किती वाजता रानात जाता? किती वेळ वाकून? ओझं डोक्यावर की कमरेवर? संध्याकाळी आधी काय दुखतं, कंबर की मनगट? कष्ट मोजायचं हे एक शास्त्रच आहे म्हणे. काम करणाऱ्या बाईच्या छातीला पट्टा बांधून हृदयाचे ठोके बघतात, हातातली पकड किती किलोची ते सकाळी आणि काम झाल्यावर मोजतात, कमरेचा बाक किती अंशात ते बघतात. मग त्याच कामाला एखादं साधं साधन देऊन पुन्हा मोजतात. भेंडीसाठी हातमोजे, कापूस वेचायला पुढं झोळी असलेला कोट, दातेरी विळा अशी ही साधनं. मावशी पकडीच्या यंत्राची मूठ दाबत म्हणाल्या, "आतापातूर मालकानं भेंडी मोजली. ह्या बाई मलाच मोजायल्यात!" सगळ्या हसलो. मॅडमसुद्धा.

परत आल्यावर जुन्या जीन्सच्या कापडाचे हातमोजे गटातच शिवले. आमच्या शिवणकामाचा अगदी बोजवारा उडाला. पहिल्याच दिवशी मावशींनी ते काढून कमरेला खोचले. कारण विचारलं तर म्हणाल्या, भेंडी हातानं नाही, नखानं तुटते; आणि ती कोवळी की जून, हे बोटालाच कळतं. जाड कापडात बोट आंधळं होतं. शिवाय तोडणीचे पैसे किलोवर. हात मंदावला की पैसे कमी. आता यावर माझी बी. ए.ची पदवी काय बोलणार? दुसऱ्या खेपेला अंगठ्याचं आणि शेजारच्या बोटाचं टोक उघडं ठेवलं, तळव्याला आणि मनगटापर्यंत पातळ कापड घेतलं, मागं इलॅस्टिक. ते चाललं. खाज पूर्ण गेली नाही, पण मनगट वाचलं आणि रात्रीची झोप लागते आहे. हे सगळं मी मॅडमना कळवलं, तर त्यांनी मोज्याचा नमुनाच मागवून घेतला.

पैशाचा प्रश्न वेगळाच. मोजे घ्यायचे कुणी? मालक म्हणतो मजुरानं, मजूर म्हणते मालकानं. फवारणीचा पंप हजारो रुपयांचा येतो, त्यात कुणी हिशेब करत नाही. एका शेतकऱ्याच्या बायकोला मी स्पष्टच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "वैनी, आमच्यात खरेदी ह्यांच्या हातात." आता तिच्या आणि मावशींच्या हातात फरक काय, सांगा बरं.

त्याच फेरीत आणखी एक नाव ऐकलं, परभणी शक्ती. ही खरीप ज्वारी. परभणीच्या विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर २०१८ मध्ये आणली. आपल्या नेहमीच्या ज्वारीत किलोमागं साधारण ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असतं, हिच्यात ४५ आणि ३२. हे आकडे मी वहीत लिहून घेतले, कारण दुसरा एक आकडा माझ्या डोक्यात बसलेला आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांना रक्तक्षय होता. आधीच्या पाहणीत ४८ होत्या. मावशींची सून त्या ५४ मधलीच. दुसऱ्या बाळंतपणात तिला रक्त द्यावं लागलं होतं.

ही भाकरी म्हणजे औषध नव्हे, हे मी गटात दोनदा सांगितलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायच्याच, आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, कारण चहानं लोह अंगाला लागत नाही. यावर जी शांतता पसरली! आमच्याकडे जेवण सोडतील, चहा सोडायच्या नाहीत. दुसरी अडचण चवीची. आमच्या बायकांना रब्बीची मालदांडी प्यारी. खरिपाची ज्वारी म्हणजे 'हायब्रीड', ती गड्यांना नाहीतर जनावरांना, असं जुनं मत. त्यात काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणसं काळी पडतात. आणि सोयाबीनचं रोख पैशाचं पीक सोडून घरच्या भाकरीसाठी रान कोण ठेवणार? एकीनं नवऱ्याशी भांडून बांधाकडेच्या चार काकऱ्या मिळवल्या. पीठ थोडं भुरकं, पण भाकरी फुगली. सासू काही बोलली नाही, म्हणजे पसंत असावी.

निघताना मावशींनी त्या विद्यार्थिनीला विचारलेला प्रश्न राहिलाच. "पोरी, बिनलवेची भेंडी न्हाई का निघत तुमच्या विद्यापीठात?" मुलगी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, झाडावर लव असली की तुडतुडे कमी येतात. ती काढली तर फवारणी वाढेल."

"म्हंजे लव बी पायजे, आन हात बी," मावशी म्हणाल्या.

"मी गाइडना विचारते," असं म्हणून तिनं वहीत ते लिहून घेतलं. कळ्यांच्याच पानावर, तारखेनिशी.

आता १८ मेला आमचा गट या मेळाव्याला जातो. बियाण्याच्या रांगेत पुरुष असतात, आम्ही थेट गृहविज्ञानाच्या दालनात. मोज्याचा आमचा नमुना कुणाला हवा असेल तर एक वीत कापड आणि अर्धा तास पुरतो. अंगठ्याचं टोक तेवढं उघडं ठेवा.