रशियन अक्षरें गिरवितांना

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. एका वृद्ध रशियन शिक्षिकाबाईंचा व माझा पत्रव्यवहार होता. तो इंग्रजींत चालत असे. त्या सुमारास मी घरच्या घरीं पुस्तकावरून रशियन भाषा शिकूं लागलों होतों. छापील धडे थोडेथोडे वाचतां येऊं लागतांच मीं मोठ्या ऐटीनें बाईंना कळविलें कीं, यापुढें आपण मला रशियनमध्येंच पत्र लिहावें. पांच आठवड्यांनीं पत्र आलें. दोन पृष्ठें भरून, शाईनें, हातानें लिहिलेलें. मीं तें उघडलें आणि वरपासून खालपर्यंत पाहिलें. पण एकही शब्द मला धड वाचतां आला नाहीं. लिपींतील सर्व अक्षरें मला मुखोद्गत होतीं, तरी त्यांतील एकही जणूं त्या कागदावर आलेंच नव्हतें. बाईंचें अक्षर फार वाईट असावें, असा दोष मीं त्यांना मनांतल्या मनांत दिला आणि पत्र मेजाच्या खणांत ठेवून दिलें.

तें पत्र पुढें कसें वाचतां आलें, हें सांगण्याच्या निमित्तानें रशियन लिपी व ती हातानें लिहिण्याची रीत यांविषयीं चार शब्द वाचकांपुढें मांडावेत असा विचार आहे. आपल्या महाराष्ट्रांतून आज पुष्कळ विद्यार्थी वैद्यकीच्या अभ्यासासाठीं रशियाला जातात. त्यांना व त्यांच्या पालकांना ही माहिती कदाचित् उपयोगी पडेल. इतरांना निदान एवढें तरी पटावें कीं, अक्षर गिरविणें हें केवळ बालवर्गाचें काम नव्हे.

प्रथम ह्या लिपीचा पूर्वेतिहास थोडक्यांत पाहूं. नवव्या शतकांत थेस्सलोनिका ह्या ग्रीक शहरीं सिरिल व मेथोडियस ह्या नांवांचे दोन विद्वान् बंधु होऊन गेले. इ. स. ८६३ च्या सुमारास ते मोराव्हिया देशांतील स्लाव्ह लोकांमध्यें धर्मोपदेशासाठीं गेले. त्या लोकांच्या भाषेंत ग्रंथ लिहावयाचे तर तिला साजेशी लिपी नव्हती. पवित्र ग्रंथ लोकांना त्यांच्याच भाषेंत ऐकतां व वाचतां यावेत म्हणून सिरिल यांनीं त्या भाषेंतील ध्वनींना अनुसरून नवीं अक्षरें रचलीं. ह्या पहिल्या लिपीला ग्लागोलितिक असें म्हणतात. पुढें त्यांच्या शिष्यपरंपरेच्या काळीं बल्गेरियांत, ग्रीक मोठ्या अक्षरांच्या आधारें, दुसरी अधिक सोपी लिपी तयार झाली आणि आद्यगुरूच्या नांवावरून तिला सिरिलिक हें नांव मिळालें. दहाव्या शतकाच्या अखेरीस रशियन लोकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां ती तिकडे दृढमूल झाली. इ. स. १७०८ ते १७१० या काळांत पीटर बादशहानें छापण्याचीं अक्षरें साधीं व सुटसुटीत करून घेतलीं. इ. स. १९१८ मध्यें कांहीं निरुपयोगी अक्षरें गाळून टाकण्यांत आलीं. आज ह्या लिपींत एकंदर ३३ अक्षरें आहेत: १० स्वर, २१ व्यंजनें आणि स्वतःचा उच्चार नसलेलीं २ चिन्हें. ह्या चिन्हांपैकीं मृदु चिन्ह आपल्या मागील व्यंजनाला कोमलता आणितें. दुसरें, म्हणजे कठोर चिन्ह, मागील व्यंजन व पुढील स्वर यांस किंचित् अलग राखतें.

ह्या लिपीचा महाराष्ट्राशीं संबंधही जुना आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफानासी निकितीन नांवाचा, त्वेर शहराचा एक व्यापारी समुद्रमार्गें चौल बंदरीं उतरला आणि जुन्नर येथें त्यानें पावसाळा काढला. आपल्या मुलखाचें जें वर्णन त्यानें लिहून ठेविलें, तें ह्याच सिरिलिक अक्षरांत.

आतां नवशिक्याच्या दृष्टीनें पाहूं. छापील अक्षरांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग मित्रांचा. अ, ओ, क, म, त ह्या ध्वनींचीं मोठीं अक्षरें रूपानें इंग्रजीसारखींच आहेत व उच्चारानेंही जवळजवळ तशींच आहेत. दुसरा वर्ग परक्यांचा. ‘श’ म्हणजे तीन दात वर केलेला त्रिशूळ. ‘या’ म्हणजे पाठमोरा इंग्रजी ‘आर’. ‘च’ म्हणजे माथा उघडा ठेवलेला इंग्रजी चाराचा आंकडा. हे परके फारसा त्रास देत नाहींत. कारण अनोळखी म्हणून आपण त्यांच्याकडे नीट लक्ष देतों. खरा घोंटाळा तिसऱ्या वर्गानें होतो. हा वर्ग वेषधाऱ्यांचा आहे. ‘बी’च्या वेषांत ‘व’ असतो, ‘एच’च्या वेषांत ‘न’, ‘पी’च्या वेषांत ‘र’, ‘सी’च्या वेषांत ‘स’, ‘वाय’च्या वेषांत ‘उ’ आणि ‘एक्स’च्या वेषांत ‘ख’. रशियांत खाणावळीवर मोठ्या अक्षरांत ‘रेस्तोरान’ अशी पाटी असते. इंग्रजीच्या संवयीनें पाहणारा प्रवासी ती ‘पेक्टोपाह’ अशी वाचतो आणि उपाशीच पुढें जातो.

यांत लबाडी कोणाचीच नाहीं. रोमन व रशियन ह्या दोन्हीं लिपी ग्रीक लिपीच्याच वंशांतल्या. ‘पी’सारखें दिसणारें ग्रीक अक्षर मुळांत ‘र’चेंच होतें. रोमन लोकांनीं त्याला खालीं एक तंगडी जोडून आपला ‘आर’ केला. रशियनांनीं तें आहे तसेंच ठेविलें. त्याचप्रमाणें ‘बी’सारख्या ग्रीक अक्षराचा उच्चार त्या काळीं ‘व’ असाच होत होता. तेव्हां आपल्याला जें सोंग वाटतें, तें वस्तुतः घराण्याचें जुनें रूप आहे.

येथपर्यंतचें ज्ञान मला पुस्तकानें दिलें होतें. परंतु हाताच्या लिपींत ह्या वेषधाऱ्यांची संख्या आणखी वाढते, हें मला ठाऊक नव्हतें. छापील ‘त’ इंग्रजी ‘टी’सारखा असतो, पण हातानें लिहिलेला लहान ‘त’ इंग्रजी लहान ‘एम’सारखा दिसतो. ‘प’ दिसतो ‘एन’सारखा, ‘इ’ दिसते ‘यू’सारखी आणि ‘द’ दिसतो ‘जी’सारखा. रशियन भाषेंत ‘दार’ म्हणजे देणगी. आपल्या ‘दान’ शब्दाचाच हा नातलग. तो हातानें लिहिला म्हणजे डोळ्यांना इंग्रजी ‘गॅप’ दिसतो. ‘तोत’ म्हणजे ‘तो’. तो लिहिला कीं अमेरिकन मुलें आईला ज्या शब्दानें हांक मारतात, तो ‘मॉम’ कागदावर उमटतो! बाईंचें पत्र मी जणूं बिघडलेल्या इंग्रजीप्रमाणें वाचूं पाहत होतों, आणि म्हणूनच तें मला लागत नव्हतें.

अक्षरांचें रूप असें कां पालटावें? त्याचें कारण लेखणीचा वेग. ‘त’चेंच उदाहरण घ्या. जुन्या लेखनांत त्याच्या माथ्यावरील आडव्या रेघेचीं दोन्हीं टोंकें खालीं लोंबत लोंबत ओळीपर्यंत आलीं, व एका पायाचे तीन पाय झाले. लेखणी न उचलतां ते तीन पाय काढतांच त्यांवर कमानी आल्या. ‘प’ म्हणजे दोन खांब व वर तुळई. हात भरभर चालूं लागतांच तुळई वांकली व तिची कमान झाली. ‘इ’ म्हणजे दोन खांब व त्यांना जोडणारी तिरपी रेघ. ती रेघ पहिल्या खांबाच्या पायथ्यापासून वळून सहज वर चढली. आपल्याकडे बाळबोध व मोडी यांचा जो संबंध होता, तसाच हा प्रकार आहे. ज्यांच्या घरीं पणजोबांच्या वेळचे मोडी कागद आहेत, त्यांना ह्याचा अनुभव असेल. बाळबोध घडाघड वाचणारा नातू तो कागद उलटासुलटा धरून पाहतो आणि परत ठेवून देतो. भेद एवढाच कीं, विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडी आपल्या शाळांतून गेली; रशियन हस्तलिपी मात्र आजही तिकडील प्रत्येक मुलाला पहिल्या इयत्तेपासून शिकवितात. यंत्रावर टंकलेखन कितीही वाढलें, तरी फळ्यावरचा मजकूर, वहींतील टिपणें आणि आप्तांचीं पत्रें ह्याच लिपींत असतात. जो विद्यार्थी केवळ छापील अक्षरें शिकून तेथें जाईल, त्याची अवस्था माझ्यासारखीच होईल.

मग उपाय काय? पुष्कळ विचार करून मीं अखेर मुलांचा कित्ता मिळविला. रशियन लोक त्याला ‘प्रोपिसी’ म्हणतात. त्यांत आडव्या ओळींखेरीज उजवीकडे झुकलेल्या तिरप्या रेघाही आंखलेल्या असतात, म्हणजे सर्व अक्षरें एकाच कलानें उभीं राहतात. आरंभीं अक्षरें नसतातच; नुसते दंड, कमानी, आंकडे व वेलांट्या. पूर्वीं टांकानें लिहीत, तेव्हां खालीं येणारी रेघ दाबून जाड व वर जाणारी हलक्या हातानें बारीक काढावी लागे. आज तो कटाक्ष राहिलेला नाहीं. पण हाताची ती लय अजून अक्षरांत आहे.

अक्षरें वर्णमालेच्या क्रमानें न शिकतां वळणाच्या क्रमानें शिकावीं, हें मला लौकरच कळून आलें. ‘इ’ साधली कीं तिलाच आणखी एक दंड जोडून ‘श’ होतो, आणि ‘श’च्या शेवटीं ओळीखालीं लहानसा फांस काढला कीं त्याचाच लांबट, कोमल भाऊ तयार होतो. ‘ल’ साधला कीं ‘म’ हाताशीं येतो. ‘ल’, ‘म’ आणि ‘या’ ह्या तिघांच्या आरंभीं पायथ्याशीं एक बारीक आंकडा असतो. तो क्षुल्लक दिसतो; पण घाईनें गाळला तर शब्दांत अक्षर ओळखूं येत नाहीं. रशियन शिक्षक ह्या आंकड्याविषयीं फार काटेकोर असतात. दंडांचीच अक्षरें एकापुढें एक आलीं तर काय होतें, ह्याचें प्रसिद्ध उदाहरण ‘लिशिश’ हा शब्द आहे. ‘तूं वंचित करशील’ असा त्याचा अर्थ. तो लिहिला म्हणजे कागदावर केवळ करवतीचे दांते दिसतात. म्हणून कित्येक लोक ‘श’च्या खालीं व ‘त’च्या वर एक लहान आडवी रेघ देतात, म्हणजे वाचणाऱ्याला वाट सांपडते.

मराठी मुलाच्या हाताला आणखी एक अडचण आहे. आपलीं अक्षरें शिरोरेघेला लोंबकळतात. रशियन अक्षरें खालच्या ओळीवर बसतात. लहानपणापासून वरच्या रेघेचा आधार शोधणारा हात खालच्या रेघेवर स्थिर होण्यास वेळ घेतो. ह्या दोषाकडे माझें लक्ष कसें गेलें, तें पुढें येईलच.

सरावासाठीं मीं असे शब्द निवडले कीं, जे लिहितांना आपल्याच भाषेची आठवण यावी: ‘ब्रात’ म्हणजे भाऊ, आपला भ्राता, ‘द्वा’ म्हणजे दोन, ‘त्री’ म्हणजे तीन, ‘द्वेर’ म्हणजे दार, आपलें द्वार. प्रत्येक शब्द मोठ्यानें उच्चारीत लिहावयाचा, असा नेम केला. रोज सकाळीं एक पान. पहिल्या आठवड्यांत घरांतील मुलें माझी वही पाहून हंसत; कारण त्यांच्याहून माझें अक्षर वाईट होतें. तिसऱ्या आठवड्यांत हंसणें थांबलें. एके दिवशीं सहज खण उघडला असतां त्या पत्रावर नजर गेली, आणि एक शब्द आपोआप उलगडला: ‘रुका’, म्हणजे हात. जो शब्द माझ्या बोटांनीं वीस वेळां लिहिला होता, तो डोळ्यांनीं क्षणांत ओळखला. त्या दिवशीं मला समजलें कीं, हस्तलिपी नुसती पाहून येत नाहीं; ज्या वाटेनें लिहिणाऱ्याची लेखणी गेली, त्या वाटेनें आपली लेखणी एकदां गेल्यावांचून डोळ्यांना ती वाट दिसत नाहीं.

मग कोश जवळ घेऊन चार संध्याकाळींत मीं तें पत्र वाचलें. बाईंनीं लिहिलें होतें कीं, अलीकडे त्यांचा हात कांपतो, तरी मी नवशिका आहें म्हणून त्यांनीं प्रत्येक अक्षर मोठें, सावकाश व शाळेंतल्या वळणानें काढलें आहे. एवढें तरी मला वाचतां येईल ना? तें वाचून मला अत्यंत लाज वाटली. ज्या अक्षराला मीं वाईट म्हटलें होतें, तें एका थकलेल्या हातानें केवळ माझ्यासाठीं घोटून काढलेलें होतें, आणि तें मीं दोन महिने खणांत टाकून ठेविलें होतें.

उत्तर मीं रशियनमध्यें, हातानेंच लिहिलें. आठ ओळी लिहावयास मला दोन तास लागले. बाईंचें उत्तर आलें, त्यांत माझाच कागद परत होता. कांहीं अक्षरांखालीं लाल खुणा होत्या. समासांत त्यांनीं अशी सूचना केली होती कीं, तुमचीं अक्षरें ओळीवर बसत नाहींत, हवेंत टांगल्यासारखीं दिसतात. त्यांना खालीं बसूं द्या. शिरोरेघेविषयीं त्या बाईंना कांहीं ठाऊक नसावें. पण माझ्या मराठी हाताची खोड त्यांनीं हजारों कोसांवरून बरोबर ओळखली होती.

विद्यार्थिमित्रहो, रशियन भाषेंत ‘पिस्मो’ हा एकच शब्द ‘पत्र’ व ‘लेखन’ अशा दोन्हीं अर्थीं चालतो. तुम्हांपैकीं कोणी रशियन शिको वा न शिको. पण केव्हां ना केव्हां एखादी नवी विद्या तुम्हांला पुन्हां बिगारीच्या वर्गांत नेऊन बसवील. तेव्हां ओशाळूं नका. दंड व वेलांट्या मन लावून काढा, आणि न वाचतां आलेल्या अक्षराला वाईट म्हणण्यापूर्वीं आपणांस तें वाचतां येतें कीं नाहीं, एवढें आधीं पाहा.