घरच्या कढईतली कॉफी

माजलगावच्या शिवारात कॉफी पिकत नाही आणि पिकायचीही नाही. आपली जमीन काळी, ऊन कडक, पाऊस बेताचा. सिंदफणेवर धरण झाले, जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्याचे पाणी आले, त्याबरोबर ऊसही आला. पण कॉफीला जी डोंगरउतारावरची सावली आणि गारवा हवा, तो काही पाटाच्या पाण्याने येत नाही. महाराष्ट्रात कॉफीची झाडे पाहायची तर अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला जावे लागते. बाकी देशातली बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू ह्या तीन राज्यांतून येते, आणि त्यांतही सिंहाचा वाटा कर्नाटकाचा.

मग माजलगावकराने कॉफीचे दाणे घरी भाजण्याची उठाठेव करावी कशाला? एक तर भाजणे ही विद्या आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. शेंगदाणे, रवा, तीळ, थालिपिठाच्या भाजणीची धान्ये, हे सगळे घरोघर भाजले जातेच. ज्या हाताला दाणा करपायच्या आधी वासावरून कळते, त्या हाताला कॉफी अवघड नाही. दुसरे कारण पैशाचे आहे. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ पुड्यांत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे मूळ, वाळवून, भाजून, दळलेले. अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी, असा आपल्या देशातला नियम आहे. म्हणजे १०० ग्रॅमच्या पुड्यात ४९ ग्रॅमपर्यंत मूळच असू शकते. यात लपवाछपवी काही नाही बरं का, पाकिटावर ते छापलेले असते. आपण वाचत नाही, इतकेच. चिकोरीची चव ज्यांना आवडते त्यांनी ती खुशाल घ्यावी. पण कॉफीचे पैसे मोजून आपण काय विकत घेतो, हे ठाऊक असलेले बरे.

कच्चे दाणे वर्षभर टिकतात. कोरड्या जागी, कापडी पिशवीत ठेवले म्हणजे झाले. भाजलेले दाणे मात्र दोन-तीन आठवड्यांत शिळे होऊ लागतात आणि दळलेली पूड तर त्याहूनही लवकर. म्हणूनच पूर्वी अनेक घरांत दाणे कच्चे आणत आणि लागतील तसे भाजत. १९९६ पर्यंत मळेवाल्यांवरचे सरकारी खरेदीचे बंधन पुरते उठले. तेव्हापासून ते आपला माल मोकळेपणी विकू लागले, आणि आज चिकमगळूर किंवा कोडगूहून कच्चे दाणे टपालाने घरपोच मागवता येतात. मागवताना 'पीबेरी' मागावी. कॉफीच्या फळात सहसा दोन बिया असतात, एका बाजूने चपट्या. काही फळांत एकच बी भरते आणि ती गोल होते, तीच पीबेरी. कढईत ती वाटाण्यासारखी गडगडते, त्यामुळे सगळ्या बाजूंनी सारखी भाजली जाते. चपटा दाणा एकाच कुशीवर पडून राहतो.

ह्याच चिकमगळूरच्या डोंगरात सतराव्या शतकात बाबा बुदन ह्या साधुपुरुषाने येमेनातल्या मोखा बंदराहून आणलेल्या सात बिया लावल्या, अशी कथा सांगतात. त्या काळी अरब व्यापारी बी उकडून किंवा भाजूनच परदेशी जाऊ देत, म्हणे. कथा खरी असो वा नसो, त्यातला मुद्दा पक्का आहे: भाजलेली बी उगवत नाही. आणि न भाजलेल्या बीला कॉफीची चव नाही. कच्चा दाणा उकळून पाहा. हिरवट, गवतासारख्या वासाचे पाणी मिळेल. चव सगळी विस्तवावर तयार होते.

ती कशी होते, ते पाहू. कच्च्या दाण्यात शेकडा दहा-बारा भाग पाणी असते. कढई तापली की पहिली चार-पाच मिनिटे हे पाणी जाण्यातच खर्च होतात. दाणा हिरव्याचा पिवळा होतो, आधी वाळल्या कडब्याचा आणि मग भाजल्या पावाचा वास येतो. पुढे तो तांबूस होऊ लागतो. दाण्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकमेकांशी मिळतात, त्याने रंग आणि खमंगपणा येतो. भाकरीला तव्यावर जे तपकिरी डाग पडतात, ती क्रिया ह्याच जातीची. दाण्याचा ताप २०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की आत कोंडलेली वाफ आणि वायू दाणा फोडून बाहेर येतात आणि कढईत तडतड सुरू होते, मक्याच्या लाह्या फुटाव्यात तशी. फरक इतकाच की दाण्याची लाही होत नाही. तो थोडा फुगतो आणि हलका होतो. ही पहिली तडतड. ती थांबते, आणि दोन-तीन मिनिटांनी दुसरी ऐकू येते. ती बारीक, वाळल्या काटक्या मोडल्यासारखी. त्या वेळी दाण्यावर तेल चमकू लागते. तिथून कोळसा फार लांब नाही. पाव किलो दाण्यांचे पैसे ह्या शेवटच्या मिनिटात वाचतात किंवा जातात, म्हणून तेवढा वेळ कोणी हाक मारली तरी कढई सोडायची नाही.

साहित्य घरातलेच: जाड बुडाची लोखंडी कढई, लाकडी उलथणे, दोन मोठ्या पत्र्याच्या चाळण्या आणि सूप. न चिकटणारा, लेप दिलेला तवा घेऊ नये. इतक्या तापाला तो लेप खराब होतो आणि त्याचा धूर अपायकारक असतो. एका वेळी दीडशे-दोनशे ग्रॅम दाणे पुरेत. कढई मध्यम आचेवर तीन-चार मिनिटे तापवावी, दाणे टाकावे आणि हात न थांबवता हलवत राहावे. बारा ते पंधरा मिनिटांत काम व्हावे. आच मोठी झाली तर दाणा वरून काळा आणि आतून कच्चा राहतो. फार मंद ठेवली तर अर्ध्या तासाने दाणा तपकिरी होतो खरा, पण भाजत नाही, नुसता वाळतो. त्याची कॉफी मिळमिळीत लागते.

भडभुंजा फुटाणे तापल्या वाळूत भाजतो, मग कॉफी का नको, असे कोणी विचारील. वाळूने ताप सारखा लागतो हे खरे. पण दाण्याच्या मधल्या चिरेत वाळू अडकते आणि पुढे कॉफीत कचकचते.

धूर भरपूर होतो. ओट्यावर किंवा अंगणात शेगडी मांडून करावे, नाहीतर खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दाण्यावरचे पातळ साल सुटून उडते आणि ज्योतीवर पडले तर भुरकन पेटते. कढईतच जाळ झाला तर पाणी ओतू नका. आच बंद करा आणि झाकण घाला.

आता थांबायचे कुठे? बिनदुधाची पिणाऱ्याने पहिली तडतड संपल्यावर मिनिटभरात उतरवावी. आपल्याकडची कॉफी दूध, साखर आणि वर जायफळ अशी. तिला जरा गडद दाणा लागतो, दुसऱ्या तडतडीचा पहिला आवाज येईपर्यंत. माझे मत विचाराल तर घरी भाजलेल्या कॉफीत जायफळ निम्मेच पुरे होते.

उतरवल्याबरोबर दाणे ह्या चाळणीतून त्या चाळणीत असे पाखडत गार करावेत. कढईतच ठेवले तर ते स्वतःच्याच तापाने भाजत राहतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरकावे. दुपारच्या हवेत गार व्हायला वेळ लागतो. मग सुपात घेऊन कोंडा उडवावा. वजन केलेत तर दोनशे ग्रॅमचे एकशे सत्तरच्या आसपास भरेल. तूट पाहून घाबरू नका, ते पाणी गेले.

लगेच दळून पिण्याची घाई नको. ताज्या दाण्यातून दिवसभर वायू निघत असतो, म्हणून पहिली रात्र बरणीचे झाकण सैल ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी घट्ट लावावे. लागेल तेवढेच दळावे, मिक्सरमध्ये थांबून-थांबून किंवा खलबत्त्यात कुटून. एका पेल्याला दोन चमचे पूड, वर उकळते पाणी, चार मिनिटे झाकण, आणि फडक्यातून गाळणे. पूड चहासारखी उकळू नये, कडवट होते. आणि मिरचीची चटणी वाटलेले भांडे नुसते धुऊन घेतले तर चालणार नाही. आधी त्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्यावेत.