महायुद्धाचे सोयरे (भाग ६) : दोन जहाजं आणि एक गुपचूप तह

गेल्या आठवड्यात आपण ऑगस्ट १९१४ च्या उंबरठ्यावर थांबलो होतो. आज इस्तंबूलला जाऊ. युरोपातलं भांडण आशियात उतरलं ते इथून, आणि मराठा पलटणी इराकच्या चिखलात पोचल्या त्याही इथल्याच एका तहामुळे.

सुरुवात मात्र इंग्लंडमधल्या टाइन नदीकाठच्या गोदीपासून करावी लागते. तिथे ‘सुलतान उस्मान’ ही युद्धनौका तयार होत आली होती. मुळात ती ब्राझीलची. त्यांना खर्च झेपेना, म्हणून तुर्कांनी विकत घेतली. तिच्यावर १२ इंची १४ तोफा होत्या. इतक्या संख्येने मोठ्या तोफा तेव्हा जगातल्या दुसऱ्या कुठल्याच युद्धनौकेवर नव्हत्या. बॅरोच्या गोदीत तिची जोडीदारीण ‘रशादिये’ सजत होती. तुर्की तिजोरीत खडखडाट, त्यामुळे पैशांचा काही भाग लोकवर्गणीतून आला. देणगीदारांना पदकं दिली गेली. ताबा घ्यायला तुर्की खलाशी इंग्लंडला येऊन बसले होते. अशात १ ऑगस्टला ब्रिटिश सैनिक ‘सुलतान उस्मान’वर चढले. नौदलमंत्री चर्चिल यांनी दोन्ही जहाजं स्वतःच्या आरमारासाठी ठेवून घेतली. वर्गणी देणाऱ्यांचा संताप किती झाला असेल, हे सांगायला नको.

‘जहाजं हिसकावली म्हणून तुर्क जर्मनीला मिळाले’ असं बऱ्याचदा वाचायला मिळतं. गोष्ट चटकदार आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. युद्धमंत्री एनवर पाशाने जर्मन राजदूत वांगेनहाइमकडे मैत्रीचा प्रस्ताव मांडला तो २२ जुलैला. राजदूत नाखूशच होता. हे खिळखिळं साम्राज्य गळ्यात बांधून घ्यायचं कशाला, असा त्याचा हिशेब. पण कैसरने तो मोडून काढला. २ ऑगस्टला वजीर सईद हलीम पाशाने गुप्त करारावर सही केली. मंत्रिमंडळातल्या अनेकांना याची कुणकुणही नव्हती.

खरं कारण जहाजांपेक्षा जुनं होतं. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत तुर्कांचा युरोपातला जवळजवळ सगळा मुलूख गेला होता आणि रशियाची नजर दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीवर होती. एकटं राहण्याची त्यांना धास्ती होती. गृहमंत्री तलात पाशा मे महिन्यात रशियाच्या झारला भेटून आला, नौदलमंत्री जमाल पाशा जुलैत पॅरिसला जाऊन आला; दोघेही हात हलवत परतले. जर्मनीवर त्यांचं प्रेम होतं असं मला वाटत नाही. दार उघडणारं ते एकच घर होतं.

आता यातली गंमत बघा. तह झाला, तरी तुर्क लढायला उतरेनात. १० ऑगस्टला ‘गोबेन’ आणि ‘ब्रेसलाउ’ ही दोन जर्मन जहाजं ब्रिटिशांना हुलकावणी देत दार्दानेल्समध्ये शिरली. तटस्थ देशाने लढणाऱ्या देशाची जहाजं आसऱ्याला ठेवणं नियमात बसत नव्हतं. त्यावर तोडगा निघाला तो खरेदीचा! जहाजं तुर्कांनी ‘विकत घेतली’, त्यांची नावं बदलली. खलाशी तेच जर्मन, अ‍ॅडमिरल सूशॉनही तोच. फक्त डोक्यावर आता लाल तुर्की टोप्या. सप्टेंबरअखेर सामुद्रधुनी बंद झाली आणि रशियाच्या गव्हाचा समुद्राकडचा रस्ताच तुटला. तरीही एनवर जर्मनीकडून सोनं येईपर्यंत थांबला. ऑक्टोबरात २० लाख तुर्की लिरांचं सोनं पोचलं आणि २९ तारखेला सूशॉनच्या ताफ्याने ओडेसासह काळ्या समुद्रावरच्या रशियन बंदरांवर तोफा डागल्या. अर्थमंत्री जावीद बेने राजीनामा दिला. त्याने आता काही अडणार नव्हतं.

इंग्रज तरी कुठे गाफील होते? त्याच वर्षी त्यांनी अँग्लो-पर्शियन तेल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग घ्यायचं ठरवलं होतं, आणि अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना तुर्की हद्दीला लागूनच होता. त्यामुळे सहाव्या, म्हणजे ‘पूना’ डिव्हिजनची एक ब्रिगेड ऑक्टोबरातच मुंबईहून निघाली आणि युद्ध जाहीर होण्याआधीच बहारीनपाशी नांगर टाकून बसली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. ५ नोव्हेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारलं; ६ ला ही ब्रिगेड इराकच्या किनाऱ्यावर फाओला उतरली.

तेल राखायला गेलेलं सैन्य बगदादच्या मोहात पुढे सरकलं आणि कूट अल अमारा इथे वेढ्यात अडकलं. रसद संपली, घोडी कापायची वेळ आली. धर्माच्या भीतीने अनेक हिंदी शिपायांनी ते मांस शिवलं नाही. ताज्या भाजीचं तर नावच नव्हतं. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. शेवटी इंग्रजांनी वाटाघाटींचा आधार घेतला. टी. ई. लॉरेन्स आणि ऑब्री हर्बर्ट यांना तुर्की सेनापती खलील पाशाकडे पाठवलं. सैन्य सोडा, १० लाख पौंड घ्या. मग २० लाख घ्या. तुर्कांनी ते झिडकारलं. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ ला कूट पडलं आणि सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली.

पुढच्या आठवड्यात इटली. ३३ वर्षं जर्मनी-ऑस्ट्रियाच्या पंगतीला बसलेला हा सोयरा एप्रिल १९१५ मध्ये लंडनला जाऊन गुपचूप दुसऱ्याच पानावर कसा बसला, ते पाहू.