आपल्या गावचे गुरुत्व

शाळेच्या पुस्तकात गुरुत्वाचा प्रवेग सेकंदाच्या वर्गास ९.८१ मीटर छापलेला असतो. प्रयोगात ९.७८ आले की विद्यार्थी घाबरतो आणि वहीत आकडा गुपचूप ‘दुरुस्त’ करतो. पुण्याचा विद्यार्थी असे करतो तेव्हा तो खरे खोडून खोटे लिहितो, असे आम्हांस सांगावयाचे आहे.

गुरुत्व सर्वत्र सारखे नसते. १६७२ साली झाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे गेला, तेव्हा पॅरिसला बिनचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक किंचित आखूड केला तेव्हा कोठे ते वेळेवर आले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि मध्यावर फुगीर आहे. म्हणून विषुववृत्तावर हा आकडा ९.७८०, तर ध्रुवावर ९.८३२ भरतो. शिवाय हजार मीटर उंच गेल्यास तो सुमारे ०.००३ ने घटतो. अक्षांश साडेअठरा व उंची ५६० मीटर धरल्यास पुण्याचा हिशेब ९.७८४ येतो.

पडताळा घरीच घ्यावा. बारीक दोऱ्यास लहानसा जड गोळा बांधून, टांगल्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर अंतर ठेवावे. झोका लहान असावा. शंभर आंदोलनांचा वेळ मोजावा. पुण्यास तो सुमारे २००.९ सेकंद भरेल. एका आंदोलनाच्या काळाचा वर्ग करून त्याने ३९.४८ ला भागले की उत्तर मिळाले. मात्र आरंभी ‘शून्य’ म्हणावे. ‘एक’ म्हटल्यास आंदोलने नव्याण्णवच होतात आणि उत्तर ९.९८ वर जाते! घड्याळ दाबताना पाव सेकंद चुकला तरी दुसरा दशांश डळमळतो; म्हणून दहा वेळा मोजून सरासरी घ्यावी.

लंबकानेच भारतीय सर्वेक्षण खात्याचे कॅप्टन बसेव्ही यांनी देशात ठिकठिकाणी गुरुत्व मोजले. १८७१ साली लडाखच्या उंच पठारावर हे काम चालू असतानाच त्यांचा अंत झाला. हिमालयाच्या प्रचंड राशीच्या मानाने तेथे गुरुत्व कमी भरले, आणि पर्वताखालचे द्रव्य हलके असावे या कल्पनेस बळ मिळाले. त्यांनी आपले आकडे पुस्तकाशी जुळवून घेतले असते, तर हे कोणास कळले असते? आकडा जसा आला तसा लिहावा. चूक शोधावयाची ती मोजणीत, वहीत नव्हे.