संगणकावरचा सातबारा

महाराष्ट्रात शेतजमिनीचा सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. नमुना सात हा अधिकार अभिलेख. गट क्रमांक, लागवडीयोग्य क्षेत्र, पोटखराबा (लागवडीला निरुपयोगी भाग), आकारणी, भोगवटादाराचे नाव, जमीन वर्ग एकची (बंधनमुक्त) की वर्ग दोनची (हस्तांतरणावर बंधन असलेली) हे सारे त्यात असते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाच्या नावापासून बँकेच्या बोजापर्यंत आणि विहिरीतल्या वाट्यापर्यंत काहीही सापडते. नमुना बारा ही पिकांची नोंदवही. पीककर्ज असो, खरेदीखत असो की कोर्टकज्जा, या कागदावाचून पान हलत नाही. राज्यात असे सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत.

या दप्तराचे मूळ कंपनी सरकारच्या काळात आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची मोजणी व आकारणी सुरू केली, पण तिचा रोख शेतसाऱ्यावर होता. जमिनीवर हक्क कोणाकोणाचा, हे लिहून ठेवण्याची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्याने आली. आजचे नमुने १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखालचे आहेत. दप्तर तलाठ्याकडे असे आणि उतारा त्याच्या हस्ताक्षरात मिळे. तलाठी सजावर, म्हणजे त्याच्याकडच्या गावांत, भेटला तर काम, नाहीतर पुन्हा हेलपाटा. कागद जनतेचा, पण किल्ली एका माणसाच्या खिशात, असा हा मामला होता.

संगणक आला तरी हा मामला लगेच सुटला नाही. आधी जुन्या उताऱ्यांचा मजकूर यंत्रात भरला गेला, पण हस्तलिखित दप्तरही चालूच राहिले. त्यामुळे एकाच गटाचे दोन सातबारे झाले आणि ते जुळेनात. कुठे नाव चुकले, कुठे क्षेत्र, कुठे जुना बोजा तसाच राहिला. २००८च्या राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाखाली ई-फेरफार प्रकल्प उभा राहिला; फेरफार म्हणजे जमिनीवरच्या हक्कातल्या बदलाची नोंद. जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय पुण्याचे आणि आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची. त्यानंतर हस्तलिखिताशी ताळा घालून दुरुस्त्या करण्याचे मोठे काम हाती घेतले गेले. २०१७मध्ये चावडी वाचन झाले. गावकऱ्यांसमोर उतारे वाचायचे आणि चुका तिथेच टिपायच्या, ही जुनी रीत यंत्राच्या मदतीला आली. या साऱ्या खटाटोपात हाच भाग सर्वांत शहाणपणाचा ठरला.

खरा बदल फेरफारात झाला. खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे झाली की तिची माहिती संगणकावरून महसूल यंत्रणेकडे जाते. तलाठी फेरफार नोंद तयार करतो, संबंधितांना नोटिसा निघतात आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते. न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि तिचा अंमल सातबाऱ्यावर आपोआप बसतो. पूर्वी नोंद मंजूर होऊनही उताऱ्यावर यायला खातेदाराला खेटे घालावे लागत. आता निदान तेवढी वाट पाहणे सरले. वारस नोंद किंवा बोजा कमी करण्याचा अर्जही ऑनलाइन करता येतो.

१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. पंधरा रुपये भरून तो कुठूनही उतरवून घेता येतो. त्यावर शिक्का किंवा सहीची गरज नाही आणि कायदेशीर कामाला तो चालतो. संकेतस्थळावर फुकट दिसणारा विनास्वाक्षरी उतारा मात्र केवळ माहितीसाठी असतो. बँकेत तो पुढे करून परत फिरणारे अजूनही आहेत. २०२०मध्ये उताऱ्याचा नमुनाच बदलला आणि गावाचा सांकेतिक क्रमांक व राज्य शासनाची मुद्रा त्यावर आली. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांच्यासाठी सेतू आणि ‘आपले सरकार’ केंद्रे आहेत.

नमुना बाराकडे लक्ष गेले ते १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो आणि त्यासोबत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. त्याआधी पिकांची नोंद तलाठी करी आणि ती बांधावर जाऊन होईच, असे नव्हते. नव्या पद्धतीत अडचणी वेगळ्या आहेत. डोंगरी गावात रेंज नसते आणि वयस्कर खातेदाराला मोबाइल जमत नाही. अशांची नोंद करायला सहायक द्यावे लागले, म्हणजे मध्यस्थ पुरता गेला नाही.

दप्तर यंत्रात गेले म्हणून ते खरे ठरत नाही. उताऱ्यावर मेलेल्या माणसांची नावे वर्षानुवर्षे राहतात. त्यासाठी २०२५मध्ये सरकारला ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली. लेखनातली चूक संहितेच्या कलम १५५खाली तहसीलदाराकडे दुरुस्त करून घेता येते. शिवाय कलम १५७नुसार सातबाऱ्यावरची नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकीचा अंतिम निवाडा दिवाणी न्यायालयातच होतो आणि बांधाचा वाद निघाला तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज वेगळा करावा लागतो.